मागच्या बाकावरचा तास

माझ्या सासऱ्यांना वास येत नाही. अकरा वर्षांपूर्वी एक मोठा ताप आला आणि जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले होते, येईल परत. नाही आला. घरात त्याचं कुणी वाईट वाटून घेतलं नाही, मी तर मुळीच नाही. दूध करपलं तरी मामंजी शांतपणे पितात आणि पेला विसळून पालथा घालतात. असा सासरा मिळायला नशीब लागतं, हे मी चारचौघांत त्यांच्यादेखत म्हणते आणि तेही हसतात.

आता गंमत बघा. हाच माणूस खाडीच्या दोन्ही काठांवर एक्झॉस्टचा मेकॅनिक म्हणून ओळखला जातो. धुराचं काम, आणि नाकाच्या नावाने शून्य! नवखा माणूस ऐकतो आणि आधी माझ्याकडे बघतो, थट्टा करतेय की काय म्हणून. मागून त्यांना ‘बिननाक्या’ म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही, कारण आज ना उद्या प्रत्येकाच्या बोटीचा पाइप फुटतोच.

मी बोट चालवते. प्रवासी बोट, वर छत, बंद केबिन, बत्तीस माणसं, या काठावरून त्या काठाला चाळीस मिनिटं. माझे हे मालवाहू जहाजावर असतात. वर्षातून दोनदा घरी येतात आणि आले की मला बोट कशी चालवावी ते शिकवतात. बोट मामंजींची. त्यांनी ती पोटच्या मुलाला सोडून माझ्या हातात दिली, का ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. उगाच विचार बदलला तर काय घ्या. दोन वर्षांपूर्वी त्यांचे गुडघे गेले, तेव्हापासून इंजिनही मीच बघते. ते वर झाकणापाशी स्टूल टाकून बसतात आणि प्रश्न विचारतात.

माझा राग नाकावर असतो, हे आधीच सांगून टाकते. आणि आणखी एक गोष्ट सांगते, जी त्या वेळी मी कुणालाच सांगितली नव्हती.

बोटीच्या इंजिनाचा धूर गाडीसारखा नुसता नळीतून मागे सोडता येत नाही. तो इतका तापलेला असतो की लाकडाच्या बोटीत तसाच फिरवला तर बोट पेटेल. म्हणून इंजिनापाशीच एक लोखंडी बेंड असतो, त्यात धुरावर खाडीचं पाणी सोडतात. धूर गार होतो, मग पाणी आणि धूर मिळून रबरी पाइपातून मागे बाहेर पडतात. त्या बेंडचं नशीबच फुटकं. एका अंगाला आग, दुसऱ्या अंगाला खारं पाणी. बाहेरून धडधाकट दिसतो आणि आतून कुजत जातो. मामंजी म्हणतात, बेंडला वय विचारावं, रूप बघू नये.

बोटीच्या वार्षिक तपासणीला चार दिवस होते तेव्हा मला बेंडखाली तांबूस ओघळ दिसला. चांगला बोटभर. मामंजींना सांगितलं असतं तर ते तीनच शब्द बोलले असते, बोट बंद कर. तपासणी हुकली असती, तारीख दोन महिने पुढे गेली असती, आणि सगळ्या धक्क्यावर झालं असतं की बाईच्या हातात बोट दिली की असंच होणार. ते ऐकायची माझी तयारी नव्हती. मी ओघळ पुसला, भेगेत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, वर उष्णतेची पट्टी घट्ट गुंडाळली आणि पट्टीवर रुपेरी रंग दिला. मग एवढंच चमकतंय हे बरं दिसेना, म्हणून सगळी इंजिनाची खोली पांढरीशुभ्र रंगवून काढली. तपासणी करणारे साहेब बॅटरी घेऊन वाकले आणि म्हणाले, इथे पाट मांडून जेवायला बसावं. मी आठवडाभर फुगून होते. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मामंजींचा एक नियम आहे, तोही मी मोडला. एक्झॉस्टला ज्याने हात लावला, त्याने दुरुस्तीनंतरचा पहिला एक तास इंजिन चालू ठेवून, खिडक्या-दारं लावून केबिनमध्ये बसायचं. बोटीच्या मालकाने नाही, गिऱ्हाइकाने नाही, ज्याने पाना धरला त्याने. चाळीस वर्षांत त्यांनी हा तास एकदाही चुकवला नाही, मुलाच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा नाही असं सासूबाई सांगायच्या. मी बसले नाही. मी दुरुस्ती केलीच नव्हती ना, नुसती पट्टी तर गुंडाळली होती! असं स्वतःला समजावायला मला फार वेळ लागला नाही.

माझी लेक बबी तेव्हा सातव्या महिन्यात होती. पलीकडच्या काठावर चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. आमच्याच गल्लीच्या टोकाला तिचं घर, आणि रोज सकाळी आठच्या खेपेला ती माझ्या बोटीतून जायची. थंडीचे दिवस होते. पोटुशी पोर वाऱ्यात नको, म्हणून मी तिच्यासाठी मागच्या बाकाचा कोपरा धरून ठेवायचे. त्या बाकामागे फळ्यांची भिंत आणि भिंतीपलीकडे इंजिन, त्यामुळे तिथे छान ऊब असते. कुणी तिथे टेकला की मी सुकाणूवरून ओरडायचे, तो कोपरा सोडा, तिथे माझी पोरगी बसते.

तपासणीनंतर दोनेक आठवड्यांत बबीचं डोकं दुखायला लागलं. मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी. मी म्हटलं, असतं असं, तुझ्या वेळी मी नऊ महिने भिंतीला धरून चालले. जावई म्हणाले विश्रांती घे, डॉक्टरीणबाई म्हणाल्या पाणी जास्त पी. सगळ्यांनी आपापलं शहाणपण सांगून झालं. मामंजींनी मात्र काहीच सांगितलं नाही, त्यांनी विचारलं. संध्याकाळी ती त्यांच्याजवळ येऊन बसायची तेव्हा हळूहळू एकेक प्रश्न. रविवारी दुखतं का? सकाळी उठल्या उठल्या दुखतं, की दुकानात पोचल्यावर? दुपारपर्यंत उतरतं का? संध्याकाळी पुन्हा कधी सुरू होतं?

रविवारी दुखत नव्हतं. रविवारी आमची बोट बंद असते.

मग मला विचारलं, तो कापडवाला हल्ली कसा आहे? आमच्या आठच्या खेपेला एक कापडवाला असतो, बबीच्या शेजारी बसणारा, काठ सुटल्यापासून काठ लागेपर्यंत तोंडाचा पट्टा चालू. मी म्हटलं, सुटले एकदाची, हल्ली तो बसल्या बसल्या झोपतो. मामंजींनी मान हलवली आणि म्हणाले, केबिनमध्ये धूर येतोय.

मी भडकले. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. तुम्हाला वास येत नाही, खाली उतरता येत नाही आणि इथे खुर्चीत बसून माझ्या बोटीला दोष लावता, असं मी त्यांना म्हणाले. बत्तीस माणसं रोज बसतात, कुणाला धुराचा वास आला नाही तो तुम्हाला बरा आला! उचलली जीभ लावली टाळ्याला. ते शांतपणे ऐकत राहिले आणि म्हणाले, वास धुराला असतो, सूनबाई, गॅसला नसतो, नाकवाले तिथेच फसतात. उद्या मी येतो आठच्या खेपेला.

दुसऱ्या दिवशी आले ते हातात एक पांढरी डबी घेऊन, पंजाएवढी. बोटीच्या सामानाच्या दुकानातून उसनी आणलेली. धुरातला तो बिनवासाचा गॅस, कार्बन मोनॉक्साइड, हवेत आला की ती ओरडते. आमच्या बोटीत तसली डबी नव्हती, कारण ती ठेवायची सक्ती नव्हती, आणि ज्याची सक्ती नाही ते मी कशाला घेतेय. मामंजी बबीच्या आणि कापडवाल्याच्या मधे बसले, डबी मांडीवर ठेवली. खिडक्या बंद होत्या. मी काठ सोडला.

बावीस मिनिटं झाली असतील, अर्धी खाडी मागे पडली होती. मागून ती डबी अशी किंचाळली की माझ्या हातातलं सुकाणू हललं. माझ्या पायाखालची जमीन सरकली म्हणावं तर पायाखाली जमीनही नव्हती. बाकीच्यांना कळायला वेळ लागला, मला क्षणही लागला नाही. ती रुपेरी पट्टी डोळ्यांपुढे आली.

मामंजींनी आवाजसुद्धा चढवला नाही. खिडक्या उघडा, सगळे पुढे मोकळ्यावर चला, सावकाश, धक्काबुक्की नको. कापडवाल्याला बखोटीला धरून उठवलं. बबीचा हात धरून तिला अगदी पुढच्या टोकाला आणून वाऱ्यात बसवलं आणि मला म्हणाले, इंजिन मंद ठेव, पण थांबवू नकोस, काठ गाठ. पंचवीस मिनिटं मी पोरीच्या पाठीकडे बघत बोट हाकली. ती दोन्ही हात पोटावर धरून बसली होती. पोटातलं हलतंय का, एवढंच मला तिला विचारायचं होतं, आणि विचारायची हिंमत नव्हती.

पलीकडच्या धक्क्यावर जावई धावत आले, त्यांचंही काम त्याच काठावर आणि बबीने बोटीतूनच फोन केला होता. मामंजींनी त्यांना डॉक्टरांना काय सांगायचं ते सांगितलं, गॅसचं नाव, किती दिवस, रोज किती मिनिटं, आणि दोनदा म्हणवून घेतलं. मग बबी आणि जावई रिक्षात बसून इस्पितळात गेले. मी गेले नाही. तुम्ही म्हणाल, कसली आई! बोट बांधायची होती, प्रवाशांना दुसऱ्या बोटीत बसवून द्यायचं होतं, हे सगळं खरं. पण त्याहून खरं सांगते. मामंजी इंजिनाची खोली उघडणार होते, आणि ते उघडताना मला तिथे असायचं होतं. मी भीतीने थांबले.

दोन वर्षांत पहिल्यांदाच ते इंजिनापाशी खाली उतरले. आधी बसून, मग सरकत, मग एकेक पाय उचलून ठेवत. मी हात पुढे केला तर म्हणाले, बॅटरी धर. खिशातून पावडरचा डबा काढला, माझाच, घरून न विचारता आणलेला, आणि बेंडभोवती, जोडाभोवती, पाइपाभोवती पांढरी पावडर भुरभुरली. वरचं झाकण सताड उघडं ठेवून मला दोनच मिनिटं इंजिन चालवायला सांगितलं. बंद केल्यावर बघते तर पट्टीच्या काठाला पावडरीवर काळा पंखा उमटला होता, सुबक, मुद्दाम काढावा तसा. त्यांनी बॅटरीचा झोत भिंतीकडे वळवला. वायरींसाठी फळीला पाडलेलं भोक होतं, त्याच्या कडा काळ्या झाल्या होत्या. त्या भोकापलीकडे मागच्या बाकाचा कोपरा.

मग ते थांबले. बेंड गार होईपर्यंत अर्धा तास ते तिथेच टेकून बसले, कारण घाईत गरम लोखंडाला हात लावणारा मेकॅनिक त्यांच्या मते मेकॅनिक नव्हेच. गार झाल्यावर लहान हातोडीने बेंडवर वरपासून खालपर्यंत टकटक करत गेले. वर ठणठण वाजलं. मधे आवाज बदलला आणि ओल्या लाकडावर मारल्यासारखा थप्प झाला. पुन्हा ठणठण. डोळे मिटून ऐकत होते. कुजलेला भाग कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे त्यांनी पट्टी न सोडता खडूने आखलं.

शेवटी सुरीने पट्टी कापली. आतून लांबीचा गोळा सुटून पडला आणि खाली भेग दिसली, करंगळीएवढी लांब. खडूच्या दोन रेघांच्या बरोबर मधे. मामंजींनी पट्टी हातात घेऊन उलटसुलट केली. रुपेरी रंग अजून नवा होता.  त्यांनी पट्टीची गुंडाळी केली, स्वतःच्या खिशात घातली आणि म्हणाले, वर चल, फोन वाजतोय.

फोन जावयांचा होता. बाळाचे ठोके लागत होते, नीट लागत होते. बबीला प्राणवायू लावला होता, दोन दिवस ठेवणार होते. मी धक्क्यावर बसून अशी रडले की दुसऱ्या बोटीचे लोक बघायला आले.

दुपारी आम्ही दोघं इस्पितळात गेलो. जावई तसे मऊ माणूस, पण त्या दिवशी त्यांचा चेहरा लाल होता. हे झालंच कसं, असं त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत मामंजी म्हणाले, चूक माझी. सहा वर्षांपूर्वी बेंड मी बसवला, तो कधी बदलायचा हे माझं ध्यान. वय झालं, राहून गेलं. जावयांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे, आणि म्हणाले, मग आबांनी आता हत्यारांना हात लावू नये. बबी नाकाला नळी लावून पडली होती. ती त्यांच्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत जे होतं ते मला बघवेना. लहानपणापासून ज्याच्या मांडीवर बसून हत्यारांच्या पेटीतले पाने मोजायला शिकली त्या आजोबांवरचा तिचा विश्वास तिथे माझ्यासमोर उडत होता, आणि मी खुर्चीत बसून होते. मामंजी म्हणाले, बरोबर आहे. एवढं काम पुरं करतो, मग नाही लावणार.

मी गप्प बसले. यापुढे मी कुणालाही भित्रं म्हणणार नाही, एवढंच त्यातून शिकले.

नवा बेंड मागवला असता तर तीन आठवडे लागले असते. मामंजींनी तो करून घेतला. पलीकडच्या काठावर एक वेल्डर आहे, अर्धवट बहिरा, त्याच्याशी मामंजी खाणाखुणांनी बोलतात आणि दोघं हसतात, कशाला ते तिसऱ्याला कळत नाही. जाड पोलादी नळी कापली, जोडली. वेल्डरने सुंदर टाका घातला, मामंजींनी तो बघितला, पाठ थोपटली आणि पुन्हा करायला लावला, कारण सांधा आतून भरला नव्हता. आत करंगळी फिरवून त्यांना ते कळलं. दुसऱ्यांदा केल्यावर बेंडचं एक तोंड बंद करून त्यात पाणी भरलं, दाब दिला आणि रात्रभर कोरड्या कागदावर ठेवला. सकाळी कागद कोरडा होता.

मग आली काच. इंजिनाला टेकणारं बेंडचं तोंड सपाट हवं, केसभर उंचसखल चालत नाही, गॅसला केसभर वाट पुरते. मामंजींनी आमच्या टीव्हीच्या टेबलावरची जाड काच काढून नेली, तिच्यावर शाई पसरली, त्यावर बेंडचं तोंड हलकेच फिरवलं. जिथे शाई लागली तो उंचवटा. तेवढाच कानशीने घासायचा, पुन्हा काचेवर ठेवायचा, पुन्हा घासायचा. मी मोजायचं सोडून दिलं तेव्हा तिसावी खेप होती. सत्तरी उलटलेला माणूस, गुडघ्यांखाली उशी घेऊन, जिभेचं टोक दातांत धरून, शेवटी शाई सगळीकडे सारखी लागेपर्यंत. माझा राग, माझी घाई, माझा तो रुपेरी रंग, सगळं मला आठवत होतं. मी चार तासांत बेंड झाकला होता. हा माणूस तोंडाच्या सपाटीवर एक अख्खा दिवस घालवत होता, आणि त्याला वाटत होतं की हे त्याचं शेवटचं काम आहे.

बेंड बसवला, सांध्यात नवीन गॅस्केटची चकती घातली, नट एकाआड एक, थोडे थोडे आवळत नेले. रबरी पाइपही नवा, त्याच्या दोन्ही टोकांना दोन-दोन पट्टे. फळीतलं वायरींचं भोक बुजवलं. काम संपलं तेव्हा मी विचारलं, वर पट्टी गुंडाळू का? ते म्हणाले, गुंडाळायला हवी, नाहीतर कुणाचा हात भाजेल. पण आधी महिनाभर उघडा चालवू, रोज बघू, मग गुंडाळू.

मग तो तास. मी म्हटलं, मी बसते. नियम काहीही म्हणो, दोष कुणाचा ते मला ठाऊक होतं. ते म्हणाले, पाना मी धरला. केबिनची सगळी दारं-खिडक्या लावल्या, डबी मांडीवर घेतली आणि मागच्या बाकाच्या त्याच कोपऱ्यात जाऊन बसले. मी खाडीत बोट नेली, कधी मंद, कधी जोरात, वाऱ्याकडे तोंड करून, पाठ करून, ते म्हणाले होते तसं. मधल्या काचेतून मला ते दिसत होते. डबी कशी वाचायची ते मला माहीत होतं, आणि ती गप्प होती. चाळीस वर्षं हा माणूस दुसऱ्यांच्या बोटींच्या बंद केबिनमध्ये असा एकटा बसत आलाय, पूर्वी तर डबीही नसायची. माझ्या सगळ्या आयुष्यात मी इतकं खरं काम दुसरं बघितलेलं नाही. मला त्यांचा अभिमान वाटला, आणि स्वतःची इतकी लाज वाटली की तासाच्या शेवटी मी इंजिन बंद केलं आणि आत जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले.

“पट्टी कुणाची ते तुम्हाला माहीत आहे,” मी म्हणाले. “मग अंगावर का घेतलंत?”

त्यांनी डबी बंद केली. “बबीला पुढचे दोन महिने आई लागेल, सूनबाई. मेकॅनिकशिवाय तिचं चालेल.”

 मी बोट काठाला बांधली आणि सरळ बबीच्या घरी गेले. ती इस्पितळातून आदल्या दिवशीच आली होती, उशीला टेकून बसली होती, जावई तिथेच होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. ओघळ मी बघितला होता. लांबी मी भरली. पट्टी मी गुंडाळली, रंग मी दिला. आबांना मी कळू दिलं नाही, कारण त्यांनी बोट बंद केली असती.

बबी उशीवरून सरळ होऊन बसली. मग तिने विचारलं, “मी तिथेच बसते हे तुला माहीत होतं?”

“तो कोपरा मीच धरून ठेवायचे,” मी म्हणाले.

तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. जावई उठले, चपला घालून तडक आमच्या घरी गेले आणि मामंजींच्या पायांवर डोकं ठेवलं. मामंजी माझ्यावर दोन दिवस रुसले होते, त्यांचं एवढं जुळवलेलं मी मोडलं म्हणून.

आठच्या खेपेचे सगळे प्रवासी जमले तेव्हा मी त्यांनाही सांगितलं, धक्क्यावर उभी राहून, मोठ्याने. सहा-सात जण दुसऱ्या बोटीकडे गेले, ते अजून तिकडेच आहेत. कापडवाला राहिला. त्याने मला चाळीस मिनिटं झापलं, आणि त्याचा तोंडाचा पट्टा परत सुरू झाला हे ऐकून मला बरं वाटलं.

बबी घरी होती. मी रोज जायचे, ती दार उघडायची, पाणी द्यायची, विचारलं तेवढं बोलायची. त्याहून जास्त नाही. बारा दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी तिला कामावर जायला मोकळीक दिली, आणि तेराव्या दिवशी सकाळी ती धक्क्यावर आली. दुसरी बोट शेजारीच लागली होती, सुटायच्या बेतात. मी फळी टाकून हात पुढे करून उभी होते. तिने माझ्या हाताचा आधार घेतला, आत पाऊल टाकलं आणि थांबली. केबिनचं दार उघडं होतं, मागचा कोपरा रिकामा होता. मामंजी झाकणापाशी स्टुलावर बसले होते, हत्यारांची पेटी पायाशी.

ती माझ्यापासून हातभर अंतरावर होती. तिने माझ्यावरून नजर काढून त्यांच्याकडे बघितलं.

“आबा, बसू आत?”

मामंजींनी बॅटरी उचलली. वाकून बेंडवर झोत टाकला, खालून वरून बघितलं, तळहात जोडाजवळ धरला. मग म्हणाले, “बस.”

ती आत गेली आणि कोपऱ्यात बसली. मला तिने विचारलं नाही. बरोबरच केलं पोरीने. मीसुद्धा त्यांनाच विचारलं असतं.